पंचांगातली तीन शून्यं

अधिक आषाढातली नवमी होती. सांगलीकडच्या बासष्ट यात्रेकरूंचं पुरण चुलीवर रटरटत होतं आणि शरदिनीबाई समोर उकिडव्या बसून पळीच्या पाठीनं डाळीचा दाणा चेपून बघत होत्या. दाणा लोण्यासारखा चेपला गेला. आता उठायचं तेवढं राहिलं. त्यांनी डावा हात फरशीला टेकला, उजवा गुडघ्यावर ठेवला आणि त्या अर्ध्यातच थांबल्या. ओटीपोटात उजव्या अंगाला कुणी ओला पंचा पिळावा तसा पीळ पडला आणि मांडीतून खाली गुडघ्यापर्यंत उतरला.

"वहिनी, डाळ लागेल," नंदा म्हणाली.

"नाही लागत. उतरव तू."

नंदानं दोन फडक्यांत पातेल्याचे काठ धरले आणि हुंकार देत ते खाली ठेवलं. ती ब्रह्माघाटाकडे राहायची. अडतिशीची, हाडापेरानं मजबूत, जिभेनं त्याहून. नवऱ्याचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. यात्रेच्या हंगामात ती शरदिनीबाईंच्या हाताखाली यायची. बनारसच्या दुर्गाघाटाच्या गल्लीतल्या या घरात महाराष्ट्रातून आलेल्या माणसांची श्राद्धं होत, पूजा होत आणि वरच्या मजल्यावर सोवळ्यातला स्वयंपाक होई. मंत्र त्यांच्या नवऱ्याचे, ढुंढिराजगुरुजींचे; पोळ्या शरदिनीबाईंच्या. मंत्र ऐकून लोक घरी जात, आणि पत्रं लिहीत ती पोळ्यांची आठवण काढून.

पाऊस नुसता ढगात बसून होता. उमस अशी की भिंतींनाही घाम फुटला होता. शरदिनीबाईंनी दात आवळले आणि उभ्या राहिल्या.

"कटाचं पाणी वेगळं काढ. गूळ तोलून घातलास का?"

नंदाची नजर त्यांच्या पाठीमागे गेली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "वहिनी, वळू नका. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा."

"का गं?"

"लुगड्याला लागलंय."

शरदिनीबाईंनी पाठ भिंतीला लावली. भिंत ओली, थंड होती. खाली पडवीत गुरुजी पत्रावळी मोजत होते. "अठ्ठावीस, एकोणतीस" ऐकू येत होतं.

"आत्ता आलं?" नंदानं विचारलं.

"हो."

"वहिनी, माझ्याकडे बघून बोला."

शरदिनीबाईंनी बघितलं नाही. "कार्तिकापासून," त्या म्हणाल्या. "कधी दोन दिवस, कधी सहा. कधी नुसता डाग."

नंदानं पिठाळलेली बोटं उघडली आणि मोजली. "कार्तिक. आणि तुमचं उद्यापन भाद्रपदात. चाळीस बायका जेवलो. मी तर ऋषीची भाजी दोनदा मागून घेतली."

तेच तर होतं. विटाळाच्या दोषासाठी बायका ऋषिपंचमीचं व्रत धरतात, आणि पाळी गेली की त्याचं उद्यापन करून मोकळ्या होतात. गेल्या वर्षी शरदिनीबाईंना पन्नास पूर्ण झाली होती आणि आठ महिने काही आलं नव्हतं. पितृपक्षाच्या जेवणांची पत्रं येऊन पडली होती. गुरुजींनी विचारलं, "मग यंदा सगळे दिवस घेऊ?" आणि त्या ताठ मानेनं म्हणाल्या होत्या, "घ्या." उद्यापन गुरुजींनीच सांगितलं. गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली. दोन महिन्यांनी पहिला डाग दिसला तेव्हा त्यांनी ते लुगडं गंगेवर न नेता घरीच बादलीत धुतलं, आणि उष्णतेचं असेल असं स्वतःला सांगून सोवळं नेसून चुलीपुढे बसल्या.

"आता?" त्या म्हणाल्या.

"आता तुम्ही खाली जा. गुरुजींना सांगा, पित्त झालंय. पोळ्या मी लाटते."

"तुझ्या पोळ्या फुटतात."

"फुटू दे. सांगलीच्या लोकांना काय कळतंय, बनारसची पोळी अशीच असते म्हणेन." नंदानं खुंटीवरचा ओला पंचा ओढून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळला. "आणि यात्रा गेली की माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. नाही आलात तर मी चौकात उभी राहून सांगेन."

शरदिनीबाई जिन्याखालच्या खोलीत जाऊन चटईवर कुशीला पडल्या. ही त्यांची जुनी खोली. चोवीस वर्षं दर महिन्याचे तीन दिवस त्या इथे बसल्या होत्या. हातभर रुंद खिडकीतून घाटाच्या पायऱ्या आणि नदीचा एक उभा तुकडा दिसायचा. उद्यापन झाल्यापासून खोलीत पत्रावळींचे गठ्ठे आले होते. त्यांनी एक गठ्ठा पोटाशी घेतला आणि गुडघे वर ओढले. वरून वाढप्यांचे पाय वाजत होते. कुणी म्हातारा खड्या आवाजात सांगत होता, "आणखी एक वाढा, बाईंचा हात सोन्याचा आहे." सोन्याचा हात घट्ट मूठ आवळून चटईवर पडला होता.

*

दुखणं काही आजचं नव्हतं. चौदाव्या वर्षापासून होतं. आई म्हणाली, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. सासू म्हणाली, मूल झालं की थांबेल. मूल व्हायलाच नऊ वर्षं लागली. मालविका झाली आणि पुढे कुणी झालं नाही. मग सगळ्याच म्हणाल्या, पाळी गेली की थांबेल. गेल्या दोन वर्षांत एका वैद्यानं वाताचं चूर्ण दिलं, एका डॉक्टरनं आंव आहे म्हणून पंधरा दिवस गोळ्या दिल्या. दुसरा म्हणाला, "अम्मा, उमर है." त्या दिवसांत शौचाला बसायचं म्हणजे काच गिळल्यासारखं वाटे. हे त्यांनी तिघांपैकी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

यात्रा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघी निघाल्या. ठठेरी बाजारात पातेल्याला कल्हई लावायची आहे असं गुरुजींना सांगितलं, आणि खोटं दिसू नये म्हणून एक पातेलं बरोबर घेतलं. गल्ल्यांतून मैदागिनपर्यंत चालत, तिथून लहुराबीरपर्यंत सायकलरिक्षा. प्रत्येक खड्ड्याला शरदिनीबाई पातेलं छातीशी धरत.

डॉक्टर त्यांनी स्वतः निवडली होती. शहरात मराठी माणसं मोजकी. एकीला कळलं की मंगळागौरी घाटापासून मुन्शीघाटापर्यंत कळतं. म्हणून पाटी वाचून वाचून त्यांनी 'डॉ. एम. श्रीवास्तव' शोधली. दुखण्याचं मराठीपणाशी काही नातं राहू नये, एवढीच अपेक्षा.

डॉक्टर चाळिशीच्या आतली, चष्मेवाली, कुंकू न लावलेली. नंदानं सुरुवात केली, "डाक्टरसाहब, इनको पेट में नीचे बहुत दर्द रहता है."

शरदिनीबाईंनी तिला कोपर मारलं आणि हळूच म्हणाल्या, "पोटाचं सांग. पाळीचं मुळीच सांगू नकोस. म्हणावं, गॅस आहे."

डॉक्टर लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "पाळीचंच सांगा ना काकू आधी. गॅसचं मग पाहू."

शरदिनीबाईंच्या हातातलं पातेलं टेबलाला खणकन लागलं.

"तुम्ही मराठी," शरदिनीबाई म्हणाल्या. आरोपी पकडल्यासारखा सूर होता. पण पकडल्या गेल्या होत्या त्याच.

"मृणालिनी. माहेर नागपूरचं, महाल भागातलं. नवरा श्रीवास्तव. इतक्या काऊन घाबरून राहिल्या? मी काही गल्लीत येऊन सांगत नाही." तिनं पेन खाली ठेवलं. "ते पातेलं कशाला आणलं?"

"कल्हईला," नंदा म्हणाली. "म्हणजे, आणायचं होतं म्हणून आणलं."

डॉक्टर हसली. मग तिनं एकेक प्रश्न विचारला. दुखणं कुठून सुरू होतं आणि कुठवर जातं. बसून जास्त की उभं राहून. शौचाच्या वेळी दुखतं का. शरदिनीबाईंनी चकित होऊन तिच्याकडे बघितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला नाही कळलं. विचारून राहिले. नवऱ्याजवळ असताना दुखायचं?"

शरदिनीबाईंनी नंदाकडे बघितलं. नंदा भिंतीवरच्या कॅलेंडरातलं गुटगुटीत बाळ निरखण्यात गढून गेली.

"दुखायचं," शरदिनीबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळ्यांचं दुखतं."

"आणि काय काय वाटायचं?"

"लग्न झालं की थांबेल. मूल झालं की थांबेल. पाळी गेली की थांबेल."

"मग?"

"मग मी वाट बघतेय."

तपासताना डॉक्टरची बोटं उजव्या बाजूला थांबली. शरदिनीबाईंनी खाटेची कड धरली. हात धुता धुता डॉक्टर म्हणाली, "गाठ आहे एक. संत्र्याहून थोडी लहान."

"नागपुरी संत्रं?" नंदानं पडद्याबाहेरून विचारलं.

"तेच. मला दुसरी ठाऊक नाहीत."

तिनं दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक सोनोग्राफीची. दुसरी, पिशवीच्या आतून थोडा तुकडा काढून तपासायचा, त्याची. "पाळी थांबत आलेली असताना असं मधूनमधून रक्त दिसलं की तुकडा तपासायचाच. वाईट काही नाही हे आधी पाहून घेऊ. आणि एक लक्षात ठेवा काकू, पुरते बारा महिने कोरडे गेल्याशिवाय पाळी गेली म्हणत नसतात. तुम्ही आठच मोजले."

बारा. शरदिनीबाईंच्या डोळ्यापुढे चाळीस पत्रावळी आल्या. पोथीत महिने लिहिलेले नव्हते. त्यांनीही विचारलं नव्हतं.

"तिसरं काम तुमचं," डॉक्टर म्हणाली. "तारखा पाहिजेत. रक्त कधी, दुखणं कधी. मागचं आठवेल तितकं लिहून आणा. अंदाजे नको."

"मला आठवत नाही. यांच्या पंचांगात आहे."

"कुणाच्या?"

"आमच्या ह्यांच्या," शरदिनीबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं की आता घरी सांगावं लागणार.

*

गुरुजी दुपारी पडवीत बसून पोस्टकार्डांना उत्तरं लिहीत होते. उघडं अंग, कानावर पेन्सिल, मांडीवर पंचांग. शरदिनीबाई उंबऱ्यात बसल्या. रिक्षात बसून त्यांनी सगळी वाक्यं जुळवली होती. त्यातलं पहिलंच निघालं नाही.

"अहो, उद्यापन चुकलं."

गुरुजींनी मान वर केली. "कुठला मंत्र?"

"मंत्र नाही. महिने चुकले." आणि मग त्यांनी खाली बघून सगळं एका दमात सांगितलं. कार्तिकातला पहिला डाग. बादलीत धुतलेलं लुगडं. दत्तजयंती, संक्रांत, शिवरात्र, परवाची सांगलीची बासष्ट माणसं. सगळीकडे त्या चुलीपुढे होत्या. "सोवळं नेसून बसत होते. कुणाला सांगितलं नाही."

गुरुजींनी चष्मा काढला आणि पंचाच्या टोकानं पुसला. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. शरदिनीबाईंनी शास्त्राच्या, लोकांच्या, पितरांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवली होती.

"दुखतं?" गुरुजींनी विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"मला सांगायचं नाही? मी पितृपक्षाचे अकरा दिवस देऊन बसलो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"वा." त्यांनी पोस्टकार्डांचा गठ्ठा उगाच सरळ केला. रागावले होते, पण रागवायचं नक्की कुणावर ते ठरत नव्हतं. "शास्त्राचं काय करायचं ते मी बघतो. तू डॉक्टरचं बघ."

"आणि ती बासष्ट माणसं?"

"त्यातल्या एका म्हाताऱ्यानं पाच पोळ्या खाल्ल्या आणि काल स्टेशनावर मला विचारत होता, आज शिदोरीला का नाही दिल्या. त्याच्या पितरांचं काही अडलेलं दिसत नाही." त्यांनी चष्मा चढवला. "डॉक्टर काय म्हणाली?"

"तारखा हव्यात."

गुरुजी उठले. माळ्यावरून लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा काढला. जुनी पंचांगं ते टाकत नसत. कुणाची पत्रिका करायची तर लागतात. पण या गठ्ठ्यातल्या पंचवीस पंचांगांत आणखी एक गोष्ट होती. सासूबाई गेल्या आणि सोवळ्याचा स्वयंपाक शरदिनीबाईंकडे आला, त्या वर्षापासून गुरुजी दर महिन्याच्या तीन तिथींपुढे पेन्सिलीनं बारीक शून्य काढत. ते तीन दिवस यात्रेचं जेवण घ्यायचं नाही. त्या दिवशी गुरुजी घरापुरतं पिठलं-भात करत आणि शरदिनीबाई खिडकीशी बसत. पुढल्या महिन्याची शून्यं ते आधीच मोजून ठेवत आणि त्याप्रमाणे पत्रांना उत्तरं लिहीत. या विषयावर नवराबायको पंचवीस वर्षांत चार वाक्यं बोलले नव्हते, लागलंच नव्हतं.

शरदिनीबाईंनी पहिल्यांदाच ती पानं स्वतः उलटली.

"ही फुली कसली?" त्यांनी विचारलं. शून्यांच्या आसपास कुठे कुठे छोट्या फुल्या होत्या.

"त्या दिवशी तू पडून होतीस. किंवा कमरेला फडकं बांधून काम करत होतीस."

"तुम्ही ते लिहायचात?"

"ऐनवेळी जेवण मोडावं लागलं तर कळायला हवं." गुरुजी जरा अवघडले. "सवय लागली."

त्यांनी शेवटची तीन पंचांगं उघडली. माघापासून भाद्रपदापर्यंत शून्यं नव्हती. फुल्या होत्या. भाद्रपदात उद्यापनाच्या पुढेही फुल्या होत्या, यंदाच्या ज्येष्ठापर्यंत.

शरदिनीबाई आत गेल्या आणि हरभऱ्याच्या डाळीची वाटी घेऊन आल्या. फुलीपासून फुलीपर्यंत दर दिवसाला एक दाणा ठेवायला लागल्या. गुरुजी म्हणाले, "मी तोंडी सांगतो की." "नको. मला दिसू दे." सत्तावीस दाण्यांची एक ढिगली झाली. मग एकोणतिसांची. सव्वीस. अठ्ठावीस. एकतीस. पडवीच्या फरशीवर पिवळ्या ढिगल्यांची ओळ लागली, डोळ्याला सगळ्या सारख्या.

"रक्त थांबलं होतं," शरदिनीबाई हळूहळू म्हणाल्या. "दुखणं थांबलंच नव्हतं. ते आपल्या तारखेला येतच होतं."

गुरुजी वाकून बघत होते. पंचवीस वर्षं फुल्या त्यांनी काढल्या होत्या, पण ओळीनं कधी बघितल्या नव्हत्या. "ग्रहासारखं," ते पुटपुटले.

"ग्रह मेला," शरदिनीबाई म्हणाल्या. आणि चौदाव्या वर्षापासून पोटात असलेल्या त्या गोष्टीला काही एक चाल आहे, ती मोजता येते, या विचारानं त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या एकट्याच हसायला लागल्या.

*

पुढच्या खेपेला लाल गठ्ठा घेऊन गुरुजी स्वतः आले. डॉक्टरनं टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि चौकटीच्या कागदावर तारखा उतरवल्या. तिथीची तारीख करून गुरुजी सांगत होते, ती टिंब देत होती. अर्ध्या तासानं बाहेरच्या बाकावरची पेशंट दारातून डोकावून गेली. कुणाचंच लक्ष नव्हतं.

"गुरुजी, असा इतिहास मला कुणी आणून दिला नाही आजवर," डॉक्टर म्हणाली. "फुली काढताना काय पाहायचे?"

"ती पुरणयंत्र कुठल्या हातानं फिरवते ते. दुखत असलं की डाव्या."

शरदिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे.

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात सात सेंटीमीटरची गाठ दिसली होती. पिशवीतल्या तुकड्याचा अहवाल आला होता. त्यात वाईट काही नव्हतं. डॉक्टरनं कागदावर पिशवी काढली. "पिशवीच्या आत जे अस्तर असतं ना, तसंच अस्तर काहींच्या बाहेरच्या बाजूला रुजतं. अंडाशयावर, आतड्यावर. पिशवीतल्यासारखं तेही महिन्याला सुजतं, रक्त टाकतं. आतल्याला बाहेर यायला वाट आहे, याला नाही. मग तिथेच साचतं, चिकटतं, दुखतं. एंडोमेट्रिऑसिस म्हणतात."

"एंडो," गुरुजी म्हणाले.

"मेट्रिऑसिस."

गुरुजींनी ते दोनदा पदच्छेद करून म्हटलं आणि पंचांगाच्या मलपृष्ठावर देवनागरीत लिहून घेतलं.

"म्हणजे वात नाही," शरदिनीबाई म्हणाल्या. "आंव नाही. वय नाही."

"नाही. आणि तुमचा नाजूकपणाही नाही."

तसं कुणी म्हणालं असेल हे डॉक्टरला कोणी सांगितलं कोण जाणे. सासूबाई म्हणायच्या. शरदिनीबाईंनी पदराच्या टोकाला उगाच गाठ मारली.

"पाळी जाताना शरीर धरसोड करतं," डॉक्टर सांगत होती. "एक महिना जोर, एक महिना काही नाही. त्या धरसोडीत हे जास्त चेवतं. गोळ्या देऊन पाळी पुरती जाईपर्यंत थांबता येतं काहींना. पण तुमची गाठ मोठी आहे, आतडंही ओढलं गेलंय असं वाटून राहिलं. मी सांगीन, ऑपरेशन करा. पिशवी आणि दोन्ही अंडाशयं. नंतर अंगातून वाफा येतील, घाम फुटेल, ते आधीच सांगते."

"चुलीपुढे तीस वर्षं काढलीत. वाफांचं मला नका सांगू." शरदिनीबाई थांबल्या. "पितृपक्षानंतर केलं तर? अकरा दिवसांची जेवणं घेतलीयत यांनी."

डॉक्टरनं गुरुजींकडे बघितलं.

गुरुजी पंचांग उलटत होते. "तुमचे वार कोणते?"

"मंगळ आणि शुक्र."

"निज आषाढ वद्य, शुक्रवार. तृतीया. चांगला दिवस आहे."

"नसता तर?"

"तर मी पुन्हा बघितलं असतं," गुरुजी म्हणाले, "चांगला होईपर्यंत."

*

मालविका इंदूरहून आली. ऑपरेशन भेलूपूरच्या नर्सिंग होममध्ये झालं आणि ठरल्यापेक्षा तासभर जास्त चाललं. बाहेर गुरुजी मोठ्यानं स्तोत्र म्हणत राहिले, शेवटी नर्सनं त्यांना हात जोडले तेव्हा मनात म्हणू लागले. डॉक्टर बाहेर आली ती घामानं भिजून. आतडं चिकटलं होतं, ते सोडवायला वेळ लागला. गाठीत जुनं, घट्ट, काळं रक्त होतं.

"काकवीसारखं," ती म्हणाली.

"झालं," नंदा म्हणाली. "आता मी काकवी खाणार नाही."

पहिले तीन दिवस वाईट गेले. टाके ओढत, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरावी लागे. पाचव्या दिवशी सकाळी मालविका त्यांना धरून संडासापर्यंत घेऊन गेली आणि बाहेर उभी राहिली. बराच वेळ झाला.

"आई, बरी आहेस ना?"

आतून आवाज आला, "नाही दुखलं."

"काय?"

"काहीच नाही दुखलं गं." आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, "साधं झालं."

मालविकेनं हे दवाखान्याच्या फोनवरून घरी कळवलं. गुरुजींनी त्या दिवशी पंचांगात काहीतरी लिहिलं, पण काय ते दाखवलं नाही.

*

ऋषिपंचमीला गंगा वरच्या पायऱ्यांपर्यंत चढली होती. डॉक्टरनं दोन महिने जड उचलायला बंदी केली होती. म्हणून शरदिनीबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसल्या होत्या, हातात पंखा, आणि आत गुरुजी सोवळं नेसून ऋषीची भाजी ढवळत होते. अधूनमधून शरदिनीबाईंच्या कानशिलांतून वाफ निघे. त्या पदर सैल करत, पंखा जोरात हलवत आणि ओसरली की पुन्हा सूचना देत.

उद्यापन परत करायचं ठरलं होतं. गुरुजी म्हणाले होते, गुपचूप पाचजणींत उरकू. शरदिनीबाई म्हणाल्या होत्या, चाळीसजणी जेवल्या होत्या, चाळीसच जेवतील. आणि सकाळी ओटी भरताना त्यांनी सरळ सांगितलं, "गेल्या वर्षी आठ महिन्यांत घाई केली. बारा लागतात. यंदा पक्कं आहे, डॉक्टरची चिठ्ठी आहे."

एक म्हातारी म्हणाली, "मग गेल्या वर्षीची माझी ओटीतली खोबऱ्याची वाटी फुकट गेली होय," आणि सगळ्या हसल्या. जेवणं होईपर्यंत दोघीजणी वेगवेगळ्या निमित्तानं स्टुलाजवळ येऊन वाकून गेल्या. एकीनं विचारलं, लहुराबीरला नक्की कुठे. दुसरीनं विचारलं, ती डॉक्टर शौचाचंही विचारते का. शरदिनीबाईंनी दोघींना पत्ता सांगितला, आणि सांगितलं, जाताना तारखा लिहून न्या, अंदाजे चालत नाही तिला.

"अहो, अळू घाला की आता," त्या आत ओरडल्या. "आणि चिंच. खाजवेल नाहीतर सगळ्यांच्या घशाला."

"घातली."

"किती?"

"पुरेशी."

"नंदा, बघ गं."

नंदानं चव घेतली आणि डोळे मिटले. "पुरेशी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षापर्यंतची."

संध्याकाळी घर रिकामं झालं. गुरुजी पडवीत पोस्टकार्डं घेऊन बसले. पितृपक्षाचे अकरा दिवस नंदानं आणि तिच्या जावेनं वाटून घेतले होते. शरदिनीबाईंनी नुसतं बसून सांगायचं होतं. आता कार्तिकातल्या यात्रांची पत्रं होती. गुरुजींनी कानावरची पेन्सिल काढली. हात सवयीनं महिन्याच्या मधोमध गेला आणि तिथेच थांबला.

"आता काही सोडायला नको," ते म्हणाले. "तीसच्या तीस दिवस आपले."

शरदिनीबाई उंबऱ्यावर टेकून बसल्या होत्या. "तीन सोडा."

"कशाला? आता तर..."

"दर महिन्याला तीन. पूर्वीसारखी शून्यं घाला. आणि जिन्याखालच्या खोलीतल्या त्या पत्रावळी हलवा."

गुरुजींना समजेना. "तिथे बसणार? पण तुला आता बसायची गरज काय?"

"मला ती खोली आवडायची हो," शरदिनीबाई म्हणाल्या. "नदी दिसते. कुणी हाक मारत नाही. चोवीस वर्षं बसले तिथे, पण पोट धरून. न दुखता एकदाही बसले नाही."

गुरुजींनी पेन्सिल पुढे केली. "कुठले तीन?"

आजवर ते तीन दिवस कुणी निवडले नव्हते. शरदिनीबाईंनी पंचांग मांडीवर घेतलं, चष्म्यासाठी हात पुढे केला, तेव्हा गुरुजींनी आपला काढून दिला. त्यांनी कार्तिकाचं पान सावकाश, वरून खालपर्यंत वाचलं, मग नवमी, दशमी, एकादशीपुढे एकेक शून्य काढलं. गुरुजींच्या शून्यांपेक्षा बरीच मोठी.

"एकादशीला पुण्याची चाळीस माणसं यायचीत," गुरुजी चाचरत म्हणाले.

"येऊ देत की," शरदिनीबाई म्हणाल्या. "उपासच असतो. साबुदाणा भिजवता येतो तुम्हाला."